आजोबांच्या पेटीत राणीछाप आणि राजाछाप रुपये सापडलेत, खरी किंमत कशी कळेल?

आधी एक कळकळीची विनंती: चिंच, पितांबरी, ब्रश काहीही लावू नका. घासलेलं नाणं चकाकतं, पण संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत पडते. काळपट थर राहू द्या, नाणं कडेनं धरा.

मग वर्ष बघा. 1939 पर्यंतचा रुपया 11.66 ग्रॅमचा, त्यात सुमारे 91.7 टक्के चांदी. 1940 पासून चांदी निम्म्यावर आली आणि 1947 चा रुपया तर निकेलचा; तो चुंबकाला चिकटतो. म्हणजे चांदीच्या रुपयात जितकी चांदी, तिचा भाव ही झाली किमान किंमत. त्यावर किती मिळेल ते झिजेवर ठरतं. राणीच्या गालावरचे केस, मुकुटाची नक्षी भिंगाखाली स्पष्ट दिसते का? कडेला झाळल्याचा डाग किंवा धातूचा जोड दिसला, तर ते नाणं दागिन्यात ओवलेलं असणार, भाव उतरतो.

नुसतं जुनं म्हणजे महाग नव्हे. हे रुपये भरमसाट पाडले गेले. 1939 चा रुपया मात्र दुर्मीळ, म्हणूनच त्याच्या नकलाही फार. तो निघाला तर सराफाकडे नको, जाणत्या नाणेसंग्राहकाला दाखवा. आणि ‘लाखो देतो, आधी नोंदणी फी भरा’ म्हणणाऱ्याला एक पैसाही देऊ नका.