निधीच्या आधी कंट्रोल प्लॉटचं ठरवा

अकोले तालुक्यातला तुमचा २२ जणांचा गट, जवळचं कृषी महाविद्यालय सोबत यायला तयार, नाचणी-वरईच्या जुन्या वाणांवर शेणखत आणि जीवामृताचे प्रयोग करायचेत. प्रश्न एवढाच की पैसे कुणाकडे मागायचे. अशा भागीदारीत मी बारा वर्षं काम केलंय, म्हणून आधी वेगळंच सांगतो.

आमच्या पहिल्या प्रकल्पात पाच भागीदार होते. प्रत्येक शेतकऱ्याने दोन गुंठे कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, ठेवायचे, त्यात काहीच घालायचं नाही, असं ठरलं. तिथे पीक कमी येणार हे सगळ्यांना माहीत होतं, पण ती तूट कोण भरून देणार याची ओळ अंदाजपत्रकात नव्हती. रोपं पिवळी पडलेली बघवेनात, तशी निम्म्या लोकांनी तिथेही खत टाकलं. त्यांचं काय चुकलं? घरचं खायचं धान्य होतं ते. वर्षाची आकडेवारी वाया गेली आणि अहवालात 'शेतकऱ्यांचा अपुरा सहभाग' असं छापून आलं. ते वाक्य मला अजून लागतं.

म्हणून अंदाजपत्रकात कंट्रोलची भरपाई आणि नोंदी ठेवणाऱ्या शेतकऱ्याची मजुरी, या दोन ओळी आधी लिहा. महाविद्यालय नाही म्हणालं तर तिथेच थांबा. अमेरिकेत 'सेअर' नावाचा सरकारी कार्यक्रम १९८८ पासून शाश्वत शेतीच्या संशोधनाला पैसे देतो, त्यात शेतकरी स्वतः मुख्य अर्जदार असू शकतो. आपल्याकडे शेतकरी बहुतेक वेळा 'लाभार्थी' या रकान्यात जातो. तुमच्या प्रस्तावात त्याला सहसंशोधक लिहा.

आता निधी. तुमच्या आकाराच्या कामासाठी मी आधी नाबार्डच्या जिल्हा विकास व्यवस्थापकांकडे जाईन. २०१४ मध्ये दोन जुने निधी एकत्र करून नाबार्डने कृषी क्षेत्र प्रोत्साहन निधी केला, त्यातून नव्या पद्धतींच्या चाचण्यांना मदत मिळते. जिल्ह्याच्या आत्मा (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) कार्यालयातही विचारा, पण तिथे प्रात्यक्षिक आणि प्रशिक्षणापलीकडे फार धरू नका. वाण जपण्यावरच भर असेल तर राज्याचा जैवविविधता जपण्याचा प्रकल्प, महाराष्ट्र जनुक कोश, बघा. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यासाठी पाच वर्षांचे १७२.३९ कोटी रुपये मंजूर केले आणि स्थानिक पीकवाण हा त्यातला एक विषयच आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेचे मोठे निधी महाविद्यालयाच्या नावानेच येतील, त्यामुळे भरपाई आणि मजुरीच्या त्या दोन ओळी तिथे जास्तच गरजेच्या.

परदेशी संस्थेच्या पैशाबाबत सावध राहा. २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली आलेली रक्कम एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. 'आम्ही घेतो, तुम्हाला देतो' असं कुणी म्हणालं तर ते जमणारं नाही.

बियाण्याचंही आधीच ठरवा. तुमच्याच तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी बायफ या संस्थेच्या साथीने बीजबँक उभी केली, तिथल्या लोकांशी बोला. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्यांना आपला वाण नोंदवता येतो. नमुने महाविद्यालयाला द्यायच्या आधी गटाच्या नावाने अर्ज करा. सामंजस्य करारात वाणाची आणि आकडेवारीची मालकी कुणाची, हे मराठीत लिहून घ्या, म्हणजे गटातल्या प्रत्येकाला वाचता येईल.

हप्त्यांचं गणितही लक्षात ठेवा. सरकारी निधीत मागच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, गेल्याशिवाय पुढचा सुटत नाही, आणि एका भागीदाराने ते अडकवलं की सगळे अडकतात. आमचा दुसरा हप्ता असाच आठ महिने रखडला, तोवर खरीप निघून गेला होता.

मंजुरीची वाट बघत येता खरीप सोडू नका. पाच जणांनी घरच्या बियाण्यावर दोन-दोन गुंठे लावा, कणसं मोजा, धान्याचं वजन वहीत तारखेसह लिहा. ती वही प्रस्तावाला जोडा.