शहरासाठी हायब्रिड गाडी निवडताना

प्रश्न : धरमपेठेतून सीताबर्डीमार्गे रोज कार्यालयात जावे लागते. लहान हायब्रिड गाडी घेताना नेमकी तुलना कशाची करावी? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी. सर्वप्रथम गाडी माइल्ड हायब्रिड आहे की स्ट्राँग, हे विचारून घ्यावे, विक्रेते दोहोंना सरसकट हायब्रिड म्हणतात आणि तिथेच ग्राहकाची फसगत होते. माइल्ड प्रकारात विजेची मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते, गाडी एकटीने ओढत नाही. टोयोटा हायरायडर आणि होंडा सिटी यांच्या स्ट्राँग हायब्रिड आवृत्त्या मात्र कमी वेगात काही अंतर निव्वळ विजेवर चालतात आणि ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत साठवतात, त्यामुळे व्हरायटी चौकातल्यासारख्या थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत त्यांचा खरा फायदा दिसतो.

नागपूरकरांसाठी माझ्या मते एअर कंडिशनरचा मुद्दा मायलेजइतकाच महत्त्वाचा आहे. स्ट्राँग हायब्रिडमध्ये कॉम्प्रेसर विजेवर चालत असल्याने मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात सिग्नलवर इंजिन बंद असतानाही गारवा टिकतो. मात्र बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होते. म्हणून चाचणी भर दुपारी, एसी सुरू ठेवूनच घ्यावी. काही गाड्यांत बॅटरी थंड ठेवणारी हवा मागच्या आसनाजवळच्या जाळीतून आत जाते, तिच्यावर पिशव्या ठेवू नयेत.

डिकीही उघडून पाहावी, कारण बॅटरीमुळे सिटीची डिकी 506 लिटरवरून 306 लिटरवर येते. रोजचे अंतर फारच थोडे असेल, तर हायब्रिडची जादा किंमत इंधनबचतीतून वसूल होण्यास बरीच वर्षे लागतील. अशा वेळी साधी पेट्रोल गाडीच परवडेल.