ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे

प्रश्न : मामांनी 1983 साली इंग्लंडहून आणलेल्या व्हीएचएस कॅसेटवर ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या गाण्यांच्या टीव्ही कार्यक्रमाचे भाग आहेत. कॉम्प्युटरवर घेतले, पण गायकांचे ओठ आवाजाशी जुळत नाहीत, गिटारला वायरही दिसत नाही. कॅसेट बिघडली का? दुसऱ्या कॅसेटमध्ये टेपच्या कडेला पांढरी पूड आहे.
– एक वाचक, लातूर

उत्तर : आधी निवेदकाच्या तोंडाकडे बघा. त्याचं बोलणं ओठांशी जुळत असेल तर कॅसेट आणि कॉपी दोन्ही ठणठणीत. बीबीसीच्या या कार्यक्रमात त्या काळी बहुतेक जण वाजत्या रेकॉर्डवर नुसते ओठ हलवत, म्हणून वायर नाही. ‘न्यू ऑर्डर’ या ब्रिटिश बँडने 1983 मध्ये थेट वाजवलं, तसे अपवाद सापडले तर जिवापाड जपा.

निवेदकही सुरुवातीला जुळून पुढे पुढे मागे पडत असेल, तर कॉपी करताना फ्रेम गळल्यात. सेटिंग पाल (इंग्लंडची तेव्हाची टीव्ही पद्धत), 720 बाय 576, सेकंदाला 25 फ्रेम ठेवा. व्हीसीआर आणि कॉम्प्युटरच्या मध्ये टाइम बेस करेक्टर (डळमळता सिग्नल स्थिर करणारं यंत्र) जोडून पुन्हा घ्या.

पांढरी पूड ही बहुधा बुरशी. ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालूच नका. हेडला, म्हणजे व्हीसीआरमधल्या टेप वाचणाऱ्या भागाला, लागली की पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत आठवडाभर ठेवा. आपल्याकडच्या उन्हात वाळवू नका, टेप आक्रसते. मग मास्क लावून, घराबाहेर, खालचे 5 स्क्रू काढा आणि रिळाच्या कडा धागे न सुटणाऱ्या कोरड्या कापडाने हलक्या हाताने पुसा. हेडवर कापसाची काडी नको, तंतू अडकतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं शॅमॉय (मऊ) चामडं ड्रमला, म्हणजे हेड बसवलेल्या फिरत्या दंडगोलाला, स्थिर टेकवून ड्रम हाताने फिरवा. खाली-वर घासलं तर हेड तुटतं.