नाताळ झाला, आता या झाडाचं काय करू?

सजावट कशी करायची ते सगळ्यांना माहीत असतं, ती उतरवल्यावर उरलेल्या झाडाचं काय हे मात्र कुणी सांगत नाही, त्यामुळे या वेळी प्रश्न त्याचेच जास्त आलेत. त्यातले चार घेतेय.

प्रश्न : ताई, नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही बर्लिनला असतो. मुलाच्या शाळेत सगळ्यांच्या घरी खरं झाड, म्हणून यंदा आम्हीही आणलं, चांगलं दोन मीटरचं, लिफ्ट नसताना चौथ्या मजल्यावर चढवलं. आता ते वाळत चाललंय. शेजारी म्हणतो खाली फुटपाथवर ठेवून द्या. सासूबाई फोनवर म्हणतात, सणाचं झाड आहे, असं रस्त्यात टाकू नये. मी ऐकलंय की इथल्या झूमध्ये ही झाडं हत्तींना खायला देतात, तिकडे नेऊन देऊ का?

उत्तर : शेजाऱ्याचं ऐका. बर्लिनमध्ये बीएसआर म्हणजे शहराचं सफाई खातं जानेवारीत घरोघरची झाडं उचलतं, प्रत्येक भागाच्या तारखा ठरलेल्या असतात, त्यांच्या साइटवर पत्ता टाकला की तुमची तारीख कळते. आदल्या संध्याकाळी झाड फुटपाथच्या कडेला आणून ठेवायचं, बस. फक्त तोडून तुकडे करायचे नाहीत, पिशवीत भरायचं नाही आणि अंगावर एकही सजावट ठेवायची नाही. या झाडांचा भुगा होतो आणि तो जाळून वीज आणि घरं गरम करायची उष्णता मिळवतात, त्यामुळे त्यात प्लास्टिक आणि तारा गेल्या की सगळाच घोळ.

आता हे सजावट काढणं वाटतं तेवढं सोपं नाही हं. गोळे आणि चांदण्या दिसतात म्हणून निघतात, पण त्यांचे बारीक तारेचे आकडे खोडाजवळच्या आतल्या फांद्यांत राहून जातात, तिथे हात घालून बघावंच लागतं. दिव्यांची माळ ओढू नका, जिथे संपवली होती तिथून उलटी गुंडाळत या. आणि लामेटा म्हणजे त्या चंदेरी झिरमिळ्या लावल्या असतील तर एकेक वेचा, दुसरा उपाय नाही. त्यातून कुणी जर्मन आजीबाईंनी प्रेमाने दिलेला जुना जड लामेटा असेल तर त्यात शिसं असतं, तो मुलाच्या हातात देऊ नका आणि साध्या कचऱ्यातही टाकू नका, घातक कचरा जिथे घेतात तिथे द्या.

खाली उतरवताना जुन्या चादरीत गुंडाळा, दारातून काढताना बुंधा पुढे ठेवा म्हणजे फांद्या शेंड्याकडे मिटत जातात, शेंडा पुढे घातलात तर त्या चौकटीला अडकून उलट्या उघडतात आणि निम्म्या सुया जिन्यात सांडतात. सुया आधी झाडूने गोळा करा, व्हॅक्युमचा पाइप त्यांनी हमखास तुंबतो. बाल्कनीतून खाली फेकायचा मोह आवरा. ते खिडकीतून झाडं फेकणं आयकियाच्या जाहिरातीतलं, प्रत्यक्षात असं केलंत तर पोलीस येतील. फेकायचीच हौस असेल तर जर्मनीत वायडेनटाल नावाच्या गावात ख्रिसमस ट्री फेकीची चक्क जागतिक स्पर्धा भरते, भाल्यासारखं लांब फेकणं, गरगर फिरवून भिरकावणं आणि उंच फेकणं असे तीन प्रकार असतात, जर्मन लोक हेही नियम लावूनच करतात.

हत्तींचं खरंय. जानेवारीच्या सुरुवातीला बर्लिनच्या झूमध्ये हत्तींना झाडं देतात, ते बुंध्यावर पाय देऊन सोंडेने फांदी मोडतात आणि सुयांसकट चघळतात. पण ती झाडं दुकानदारांकडे न विकता उरलेली, ताजी असतात. लोकांच्या घरातली ते घेत नाहीत, कारण तेच, फांदीत राहिलेला तारेचा आकडा हत्तीच्या पोटात जायला नको, शिवाय घरात कुणी काय फवारलंय कुणाला माहीत. तेव्हा तिकडे नेऊ नका, परत आणावं लागेल.

आणि सासूबाईंना सांगा की हे झाड पूजेचं नव्हे. घरात झाड सजवायची चाल जर्मन भाषिक प्रदेशातून सुरू झाली, स्ट्रासबुर्गमधली १६०५ सालची एक नोंद आहे त्यात झाडावर कागदी गुलाब, सफरचंदं, पातळ बिस्किटं, साखरेच्या वस्तू टांगल्याचं लिहिलंय. म्हणजे अर्धी सजावट खायचीच. मग सण संपला की पोरांनी झाड लुटायचं हे ओघानंच आलं. स्वीडनमध्ये ही लूट अजून होते, १३ जानेवारीला, नाताळपासूनच्या विसाव्या दिवशी. त्याला क्नूटचा दिवस म्हणतात, ११३१ साली मारला गेलेला डॅनिश सरदार क्नूट लावार्ड याच्या नावाने. मुलं झाडाभोवती फेर धरून गाणी म्हणतात, टांगलेल्या गोळ्या-चॉकलेटं काढून घेतात, जिंजरब्रेडचं घर फोडून खातात आणि मग सगळे मिळून झाड बाहेर काढतात. मला विचाराल तर ही सगळ्यात चांगली रीत आहे, झाड टाकायच्या दिवसाचाच सण! तुमच्या मुलाच्या चार मित्रांना बोलवा, फांद्यांना चॉकलेटं बांधा आणि सजावट उतरवायचं काम त्यांच्याकडून करून घ्या, तो तारेचे आकडे शोधायचा खेळ पोरं तुमच्यापेक्षा बरा खेळतील.

प्रश्न : मॅडम, आम्ही वसईचे. आमचं प्लास्टिकचं झाड आता पार झडलंय. घरातली पोरं म्हणतात ३१ डिसेंबरला ओल्ड मॅन म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा जाळतो त्याच्या पोटात घालू, पेंढा कमीच पडतो. दुसरं म्हणजे झाड आणि गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, नक्की कधी काढायचा यावर घरात दर वर्षी वाद. आई म्हणते बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांच्या सणाला, काका म्हणतात २ फेब्रुवारीपर्यंत ठेवायचा.

उत्तर : पोरांना आवरा. ही झाडं बहुतेक पीव्हीसीची असतात, ते जळलं की हायड्रोजन क्लोराइडचा धूर होतो, डोळे-घसा धरतो, डायॉक्सिन नावाची विषारी द्रव्यं तयार होतात ते वेगळंच, आणि ओल्ड मॅनच्या भोवती सगळ्यात जवळ कोण उभं असतं तर लहान पोरं. पेंढा, जुने कपडे, कागद, एवढ्यावरच म्हातारा भागवा. झाडाची पातं एकत्र पिळलेल्या लोखंडी तारेवर चढवलेली असतात, त्यामुळे भंगारवालाही नाक मुरडतो, स्टँड आणि मधला दांडा लोखंडाचा असेल तर तेवढा घेईल. माझं मत, झडलेलं झाड लगेच टाकू नकाच. खालच्या फांद्या काढून वरच्या अर्ध्याचं टेबलावरचं झाड करा, उरलेल्या फांद्या गोठ्याच्या छपराला लावा. ब्रिटनच्या कार्बन ट्रस्टचा हिशेब असा की दोन मीटरच्या प्लास्टिकच्या झाडामागे सुमारे ४० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार पडतो, खरं झाड भुगा केलं किंवा जाळलं तर साधारण साडेतीन किलो, आणि तेच कचरा डेपोत पुरून सडलं तर १६ किलो. म्हणजे प्लास्टिकवालं निदान दहा-बारा वर्षं वापरलं तर कुठे ते परवडतं.

तारखेचं म्हणाल तर आई आणि काका दोघंही बरोबर आहेत, घरात शांतता हवी असेल तर हे दोघांना वेगवेगळं सांगा. ६ जानेवारी हा तीन राजांचा सण, गोव्यात रेइस मागुश आणि चांदरला त्या दिवशी मोठी फेस्त असते. २ फेब्रुवारी म्हणजे नाताळनंतरचा चाळिसावा दिवस, येशूला मंदिरात अर्पण केल्याचा सण, युरोपातल्या कित्येक कॅथलिक घरांत गोठा अजून तोपर्यंत ठेवतात. चर्चच्या आताच्या कॅलेंडरप्रमाणे मात्र नाताळचा काळ येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला संपतो, तो बहुतेक तीन राजांनंतरच्या रविवारी येतो. मधला रस्ता हवा असेल तर तो घ्या.

प्रश्न : न्यू जर्सीत आमच्या टाउनशिपची गाडी झाड घेऊन जाते आणि मल्च म्हणजे बागेत पसरायचा भुगा करते, ते ठीक. पण याशिवाय काही उपयोग होतो का? फायरप्लेसमध्ये जाळलं तर? आणि लेकीने विचारलंय, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरचं एवढं मोठं झाड कुठे जातं?

उत्तर : फायरप्लेसमध्ये अजिबात नको. वाळलेलं फरचं झाड राळेमुळे भसकन पेटतं आणि धुराड्याच्या आत चिकट काजळी धरते, ती पुढे कधीतरी पेट घेते. जवळपास कुणी शेळ्या पाळत असेल तर विचारून बघा, शेळ्या आवडीने खातात, अट तीच, झाड फवारलेलं नको आणि तारेचा आकडा राहायला नको. लेकीला सांगा, २००७ पासून रॉकफेलरच्या झाडाच्या फळ्या कापून हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेला घरं बांधायला देतात.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेला उपयोग इंग्लंडमधला आहे. लँकेशायरच्या लिदम सेंट अ‍ॅन्सच्या किनाऱ्यावर स्वयंसेवक जुनी झाडं वाळूत चर खणून ओळीने अर्धी-अर्धी पुरतात. समुद्रावरून वारा वाळू घेऊन येतो, फांद्यांत त्याचा जोर मोडतो आणि हातातली वाळू तिथेच टाकून देतो, हळूहळू झाड बुडतं, त्यावर गवत धरतं आणि वाळूची टेकडी समुद्राच्या दिशेने पुढे सरकते. ही टेकडी म्हणजे मागच्या वस्तीची भिंतच. अमेरिकेत लुइझियानातल्या जेफरसन पॅरिशमध्ये (पॅरिश म्हणजे तिथला जिल्हा) पाणथळीत लाकडी कुंपणं घालून त्यांत झाडं भरतात, लाटा मंदावतात आणि गाळ बसतो, न्यू ऑर्लिन्सजवळ तर गठ्ठे बांधून हेलिकॉप्टरने दलदलीत सोडतात. पण हे सगळं कुठे किती टाकायचं ते ठरवून करतात, तुम्ही आपलं झाड गाडीवर बांधून बीचवर ठेवून आलात तर तो निव्वळ कचरा आणि वर दंड.

प्रश्न : पुण्यात नर्सरीतून ख्रिसमस ट्री म्हणून कुंडीतलं झाड आणलंय, तीन फुटी. नाताळनंतर सोसायटीच्या आवारात लावून टाकावं का?

उत्तर : घाई नको. आपल्याकडे या नावाने मिळतं ते फर नसून बहुतेक अरोकेरिया असतं, पॅसिफिकमधल्या बेटांवरचं, आणि ते कुंडीत बरीच वर्षं सुखाने राहतं. हॉलमधून काढल्यावर एकदम उन्हात ठेवू नका, आधी आठवडाभर सावलीत, मग सकाळचं ऊन. उंच झालं म्हणून शेंडा छाटू नका, मधला शेंडा गेला की तो डौल परत येत नाही. जमिनीत लावलंत तर हे झाड कित्येक मजल्यांच्या वर जातं, त्यातल्या कुक पाइन या जातीची तर गंमत अशी की ती विषुववृत्ताच्या बाजूला कलते, २०१७ मध्ये संशोधकांनी जगभरची झाडं मोजून हे मांडलं, म्हणजे पुण्यात दक्षिणेकडे. तेव्हा दक्षिणेला विजेच्या तारा किंवा कुणाची गच्ची असेल तर लावूच नका. कारण एकदा मोठं झालं की मनात आलं म्हणून तोडता येत नाही, १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे महापालिकेची परवानगी लागते. पुढच्या डिसेंबरला तीच कुंडी आत घ्या, तोवर महिन्यातून एकदा पातळ शेणखताचं पाणी पुरे.