मध्ययुगीन शेगड्यांच्या टाइलांवरील चिन्हे: सांकेतिक लिपी की सर्वांना ठाऊक असलेली चित्रे?

मध्य युरोपातील संग्रहालयांत दिसणाऱ्या १५व्या शतकातील शेगड्यांच्या, म्हणजे खोली उबदार ठेवणाऱ्या, मातीच्या टाइलांनी मढवलेल्या मोठ्या बंदिस्त चुलींच्या, हिरव्या टाइलांवर सिंह, पेलिकन आणि गुलाब पुन्हा पुन्हा का येतात, त्यांत काही गुप्त संकेत दडलेला आहे का, असे आपण विचारले आहे. चित्रांना अर्थ नक्कीच आहे, पण त्यात गुप्त असे काही नाही. ही शेगडी खोलीत उभी असली तरी तिच्यात लाकूड घातले जाई ते बहुधा मागच्या स्वयंपाकघरातून किंवा बोळातून. त्यामुळे खोलीत धूर येत नसे आणि घरातली माणसे, पाहुणेसुद्धा, हिवाळाभर त्या उबदार भिंतीसमोर बसत. जे सर्वांच्या डोळ्यांसमोर असायचे, ते सर्वांना कळेल असेच निवडले जाई.

सुरुवातीच्या, म्हणजे १२व्या-१३व्या शतकांतील, टाइला चाकावर घडवलेल्या वाडग्यांसारख्या पोकळ होत्या. त्यांवर चित्राला जागाच नव्हती. पुढे साच्यात माती दाबून दर्शनी पाट्या काढू लागले आणि मग उठावाची चित्रे आली. जर्मनीतील हेसे प्रांतातला टॅनेनबर्ग किल्ला १३९९ मध्ये उद्ध्वस्त झाला. त्याच्या ढिगाऱ्यात कोनाड्याच्या आकाराच्या टाइला सापडल्या असल्याने हा प्रकार त्याआधीच रूढ झाला होता, हे नक्की.

पेलिकनची टाइल जवळून पाहिली तर मान वाकलेली, चोच स्वतःच्या छातीत रुतलेली आणि खाली पिल्लांच्या चोची वर उघडलेल्या दिसतात. आपल्या रक्ताने पिल्लांना जगवणारा हा पक्षी म्हणजे ख्रिस्ताचे बलिदान. सिंहाच्या बाबतीत मात्र घाई करू नये. तो छाव्यांवर तोंड उघडून उभा असेल, तर मृत जन्मलेल्या छाव्यांना बाप तिसऱ्या दिवशी फुंकर घालून जिवंत करतो या जुन्या समजुतीचे, अर्थात पुनरुत्थानाचे, ते चित्र आहे. एखादा माणूस त्याचा जबडा फाडत असेल, तर बहुधा तो बायबलमधील सॅमसन. आणि ढालीवरच्या सिंहाला दोन शेपट्या असतील, तर तो बोहेमियाचे (आजच्या चेक प्रजासत्ताकातील जुन्या राज्याचे) राजचिन्ह असण्याची शक्यता मोठी. प्राणी एकच, पण एकदा धर्म बोलतो आणि एकदा सत्ता.

सत्तेची बाजू मला अधिक रंजक वाटते. हंगेरीतील बुडा येथील राजवाड्यातल्या, मात्याश राजाच्या काळच्या शेगड्यांवर त्याच्या हुन्यादी घराण्याचा चोचीत अंगठी धरलेला कावळा आहे. धर्मसुधारक यान हुस याच्या अनुयायांच्या, म्हणजे हुसपंथीय, चळवळीनंतरच्या बोहेमियात टाइलांवर हुसपंथी योद्धे उभे राहिले. आणि ऑस्ट्रियातील साल्झबुर्गच्या किल्ल्यातील १५०१ सालच्या रंगीत शेगडीवर संतांच्या जोडीला आर्चबिशप लिओनहार्ड फॉन कॉइट्शाख याचे कुलचिन्ह आहे, ज्यात चक्क एक सलगम आहे!

तरीही चित्रावरून घरमालकाची श्रद्धा किंवा दर्जा ठरवणे धोक्याचे असते. तयार टाइलवर ओली माती दाबली की नवा साचा मिळे, आणि माती वाळताना व भाजताना आकसत असल्याने नक्कल मूळ टाइलपेक्षा किंचित लहान आणि बोथट निघे. अशा नकला दूरवर पसरल्या, त्यामुळे व्यापाऱ्याच्या घरी ड्रॅगन मारणारा, सरदारांचा लाडका संत जॉर्ज सापडला म्हणून तो व्यापारी सरदार ठरत नाही. गुलाबाला मरियमशी जोडता येते, परंतु ओळीने बसवलेल्या छोट्या गुलाबांना मी नक्षीच म्हणेन. आपण पाहिलेल्या सिंहाच्या पायाशी छावे होते का, आणि शेपट्या किती होत्या, एवढे कळवल्यास त्याच्याबद्दल नेमके सांगता येईल.