देशात एकच लॅब, मग नोकरी कुठे?

मुलीच्या करिअरचा सल्ला घ्यायला तासगावहून माझ्याकडे आलेल्या वडिलांनी हिशेब मांडूनच आणला होता. खेळाडूंची डोप टेस्ट करणारी, वाडाची (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची) मान्यता असलेली प्रयोगशाळा देशात एकच आणि तीही दिल्लीत. तिथे जागा निघणार मोजक्या, त्यातल्या बऱ्याच कराराच्या. अर्ज मात्र देशभरातून येणार. "आता तुम्हीच सांगा मॅडम, ह्यात आमची पोरगी कुठं बसती?"

मुलीला मी इथे ऋतुजा म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ती कोल्हापूरला ॲनालिटिकल केमिस्ट्रीत एम.एस्सी. करत होती, पहिलं वर्ष संपत आलेलं. वडिलांचं मेडिकल, घरची थोडी द्राक्षबाग, चुलतभाऊ तालमीत. पहिल्या भेटीत आईही आल्या होत्या, पण बराच वेळ गप्प होत्या.

हा प्रश्न अलीकडे माझ्याकडे पुष्कळ येतो, आणि त्यामागे कारणही आहे. वाडाच्या 2024 च्या आकडेवारीत भारताच्या 7113 नमुन्यांपैकी 260 नमुन्यांत निषिद्ध पदार्थ निघाले. बातम्या आल्या की मुलांना वाटतं, इथे काम आहे. पालकांना वाटतं, इथे नुसती बदनामी आहे. दोघांचंही थोडं थोडं बरोबर असतं.

वडिलांचा हिशेबही चुकीचा नव्हता. दिल्लीच्या राष्ट्रीय डोप चाचणी प्रयोगशाळेला वाडाची मान्यता 2008 साली मिळाली, ऑगस्ट 2019 मध्ये ती निलंबित झाली आणि थेट डिसेंबर 2021 मध्ये परत आली. मधल्या काळात आपल्या खेळाडूंचे नमुने परदेशी प्रयोगशाळांत पाठवावे लागले. एका संस्थेवर अख्खं करिअर टांगलं तर काय होऊ शकतं, याचं यापेक्षा मोठं उदाहरण मी तरी देऊ शकत नाही. म्हणून मी त्यांना म्हटलं, "तुमचा आकडा मान्य. पण तुम्ही इमारत मोजताय. आपण आधी काम मोजू."

त्या प्रयोगशाळेत दिवसभर चालतं काय? लघवीचा नमुना येतो, त्यातून हवे ते घटक वेगळे काढतात आणि ते एलसी-एमएस किंवा जीसी-एमएस या यंत्रांवर चालवतात. यंत्र रेणूंचं वस्तुमान पाहून सांगतं की अमुक पदार्थ आहे की नाही. सायकलपटू अल्बर्टो कॉन्टाडोरच्या 2010 च्या नमुन्यात क्लेनब्युटेरॉल सापडलं ते मिलिलिटरला 50 पिकोग्रॅम. पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा लाख कोटीवा भाग. तेवढ्यावरून टूर द फ्रान्सचं विजेतेपद गेलं.

मग मी वडिलांना बागेबद्दल विचारलं. ते जरा गोंधळले. 2010 सालीच युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत सीसीसी हे वेलीची वाढ रोखणारं रसायन सापडलं होतं आणि कंटेनर अडकले होते, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं आठवत होतं. तेव्हापासून रेसिड्यूचा, म्हणजे मालात उरलेल्या औषधांच्या अंशाचा, रिपोर्ट हा शब्द तासगाव तालुक्यात शाळकरी पोरांनाही माहीत आहे. "तो रिपोर्ट कोणत्या मशीनवर निघतो, माहितीय?" उत्तर ऋतुजानेच दिलं. एलसी-एमएसवर. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथे हेच काम चालतं. खासगी रेसिड्यू लॅब वेगळ्या. औषध कंपन्यांत गोळीतली अशुद्धी शोधणारे, नव्या औषधाची रक्तातली पातळी मोजणारे, न्यायवैद्यक प्रयोगशाळेत व्हिसेरा तपासणारे, सगळे याच घराण्यातले. पदार्थ बदलतो, नमुना बदलतो. नमुना तयार करण्याची शिस्त, चाचणीची पद्धत बिनचूक आहे हे सिद्ध करण्याची कटकट आणि दर्जाची कागदपत्रं बदलत नाहीत.

वडील एवढंच म्हणाले, "म्हंजे दिल्ली नाही झालं तर द्राक्षं हायतच."

इथे बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. ऋतुजाच्या बाबतीत माझं काम इथून सुरू झालं, कारण मी तिला एकटीला बसवून विचारलं की नेमकं हेच का. तिने सांगितलं ते असं. पोलीस भरती जवळ आली की मेडिकलवर पोरं येतात. ग्राउंडच्या आधी घ्यायचं ते इंजेक्शन मागतात. ऑपरेशनच्या वेळी पडलेलं बीपी वर आणायला वापरतात ते, मेफेंटरमीन. चिठ्ठी नसते. वडील देत नाहीत, पोरं शिव्या घालून जातात, आणि कुठून तरी मिळवतातच. जिममध्ये, तालमीतही तेच. मेफेंटरमीन वाडाच्या निषिद्ध यादीत आहे. भरतीच्या पोरांना ती यादी लागू नाही, हृदयावरचा धोका मात्र तोच. "मला ह्यांना पकडायचंय," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज पक्का.

ज्याला पकडायचंय त्याने लॅबमध्ये जपून जावं, असं माझं मत आहे. तिथे बाटलीवर नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. खेळ कोणता, पुरुष की स्त्री, स्पर्धेतला नमुना की सरावातला, एवढंच विश्लेषकाला कळतं. हे असंच असायला हवं. ज्याला काहीतरी सापडावं असं मनातून वाटतं, तो आलेखातल्या प्रत्येक टेकाडाकडे संशयाने बघायला लागतो. शिवाय शंभर नमुन्यांतले नव्वदहून जास्त स्वच्छच निघतात. रोज तेच, तितक्याच काळजीने, काहीही न सापडता. हे ज्याला कंटाळवाणं वाटतं त्याने आधीच ओळखावं.

आणि सापडलेला प्रत्येक जण बदमाश नसतो. मुंबईच्या पृथ्वी शॉचं प्रकरण तिला माहीत होतं, पण अर्धवट. 2019 च्या सुरुवातीला दिलेल्या त्याच्या नमुन्यात टर्ब्युटालीन हे निषिद्ध औषध निघालं. खोकल्याच्या औषधातून आलं, हे त्याचं म्हणणं क्रिकेट बोर्डाने मान्य केलं. तरी आठ महिन्यांची बंदी झालीच, कारण शरीरात काय गेलं याची जबाबदारी खेळाडूचीच असते. "आता सांग," मी विचारलं, "खोकल्याची बाटली देताना 'तू कुठल्या स्पर्धेत खेळतोस का' असं विचारणारा माणूस कुठे बसलेला असतो?" ती माझ्याकडे बघत राहिली. मेडिकलच्या काउंटरवर.

म्हणजे तिच्या रागाला योग्य जागा लॅबमध्ये नव्हती, ती जागृतीच्या कामात होती. नाडाचे (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचे) खेळाडूंसाठीचे शिक्षण कार्यक्रम, अकादम्यांमधली सत्रं, पूरक आहारातली भेसळ समजावून सांगणारे आहारतज्ज्ञ आणि फार्मासिस्ट, ही सगळी याच क्षेत्रातली कामं आहेत. कायद्याच्या मुलांसाठीही दार आहे: 2022 चा राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदा आल्यापासून शिस्तपालन आणि अपील समित्यांपुढची प्रकरणं हे एक वेगळंच काम झालंय. डॉक्टरांसाठी, उपचारापुरतं निषिद्ध औषध घेऊ द्या अशा खेळाडूंच्या सवलतीच्या अर्जांचं काम असतं. यावर मी फार बोलले नाही, तिला ते लागू नव्हतं.

तिने नमुने गोळा करणाऱ्या अधिकाऱ्याबद्दल विचारलं, तेव्हा आई पहिल्यांदा बोलल्या. "म्हंजे परक्या माणसाच्या बाथरूममध्ये उभं ऱ्हायाचं?"

झाकून सांगण्यात अर्थ नव्हता. हो, उभं राहावं लागतं, आणि लघवी शरीरातून बाहेर पडताना प्रत्यक्ष बघावी लागते, कारण फसवणूक तिथेच होते. पण साक्षीला उभी राहणारी व्यक्ती खेळाडूच्याच लिंगाची असावी लागते. बाई खेळाडू असेल तर बाईच. त्यामुळे या कामात बायकांची गरज कधी संपत नाही. भांडं आणि किट खेळाडू स्वतः निवडतो. किमान 90 मिलिलिटर लघवी लागते, ती तो स्वतःच अ आणि ब बाटल्यांत ओततो, झाकणं स्वतः घट्ट करतो. वजन उतरवून आलेला पैलवान कोरडा पडलेला असतो; त्याच्यासोबत तासन् तास बसावं लागतं. कधी पहाटे कुणाच्या दारात जावं लागतं. पैसे बहुधा दर कामामागे मिळतात. म्हणून मी याला जोडकाम म्हणते, पोटापाण्याची नोकरी नाही.

वडिलांना वेगळीच काळजी. "आन् पुतण्याचीच टेस्ट हिला घ्यायला लागली तर? भावकी तोडून टाकंल." यावर नियम स्पष्ट आहे: ज्या खेळात ज्या पातळीवर आपलं माणूस आहे, तिथे नमुना घ्यायला तिला पाठवता येत नाही. चुलतभाऊ खेळतो त्या पातळीची कुस्ती तिच्यासाठी बंद. आईंचा चेहरा मात्र सैल झाला नाही, आणि मी तो करायचा प्रयत्नही केला नाही. लाज वाटणं ही काही अडाणीपणाची गोष्ट नाही. ते काम करणाऱ्यालाही सुरुवातीला वाटतेच.

मी तिला दोन कामं दिली. वाडाची निषिद्ध यादी दर वर्षी 1 जानेवारीला नव्याने लागू होते. ती काढून वडिलांच्या दुकानातल्या कपाटांशी ताडून बघायची. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रशिक्षणार्थी म्हणून एखाद्या रेसिड्यू लॅबमध्ये जायचं, पगार मिळो न मिळो. दुसऱ्या कामातून तिला कळलं की नमुना तयार करत बसायला तिला आवडतं, तासन् तास. पहिल्या कामाचा परिणाम वडिलांवर जास्त झाला. सर्दीच्या, दम्याच्या, बीपीच्या किती गोळ्या खेळाडूला विचारून द्याव्या लागतील हे बघून ते चक्रावले. लघवीचं प्रमाण वाढवणारी बीपीची गोळीसुद्धा यादीत आहे, हे त्यांना खरंच वाटेना.

एम.एस्सी. झाल्यावर ऋतुजा पुण्याच्या एका खासगी लॅबमध्ये लागली. तिथे द्राक्ष, डाळिंब, हळद असं सगळं येतं. घरी आली की चुलतभावाच्या तालमीत पोरांशी बोलते. पहिल्या वेळी चार जण बसले, बाकीचे जोर मारायला निघून गेले. मेडिकलवर वडिलांनी एक पाटी लावली आहे: 'खेळाडू असाल तर औषध घेण्याआधी सांगा.' नमुने गोळा करण्याच्या कामावर आईंचा नकार कायम आहे आणि तिनेही तो विषय सध्या बाजूला ठेवलाय.

दिल्लीची जाहिरात आली तर अर्ज करायचा, हे ठरलंय. पण हातातली पुण्याची नोकरी सोडून थोड्या मुदतीच्या करारावर जायचं का, यावर बाप-लेकीचं अजून जमलेलं नाही. मागच्या आठवड्यात दोघांचेही वेगवेगळे फोन आले. दोघांना मी तेच सांगितलं: करार किती दिवसांचा, तो वाढण्याची शक्यता किती, आणि यंत्र हाती मिळणार की नुसतं नमुन्यांची नोंद करायला बसवणार, हे आधी लेखी विचारा. उत्तर आल्यावर भांडा.