हॉलमधल्या टीव्हीला जोडायला १५ हजारात पीसी बसतो का?

बसतो की दादा, पण नवा असेंबल करायच्या नादी लागू नका, रिफर्बिश्ड म्हणजे वापरलेला पण दुरुस्त करून विकलेला मिनी पीसी घ्या. डेल ऑप्टिप्लेक्स मायक्रो नाहीतर लेनोवो थिंकसेंटर टायनी, त्यात इंटेलचा आय५ ८५००टी प्रोसेसर, ८ जीबी रॅम, एसएसडी, बास. ग्राफिक कार्ड लागतच नाही, प्रोसेसरच्या आतलंच यूएचडी ६३० ग्राफिक एचईव्हीसी १० बिट अन् व्हीपी९ हे व्हिडिओ फॉरमॅट आरामात ओढतं. फक्त एव्ही१ फॉरमॅट त्याला जमत नाही, ते पाहिजे असलं तर ११व्या पिढीचा इंटेल बघा, थोडं बजेट वाढंल.

आता मी जिथं फसलो ते सांगतो. या डब्यांना बऱ्याचदा एचडीएमआय १.४ पोर्ट असतं म्हणजे ४के चित्र फक्त ३० हर्ट्झवर (सेकंदाला ३० फ्रेम), मी आठ दिवस टीव्हीलाच शिव्या देत बसलो, शेवटी डिस्प्लेपोर्ट या दुसऱ्या पोर्टवरून एचडीएमआयचा अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर लावला तेव्हा कुठं ६० झालं. तुमचा टीव्ही फुल एचडीच असंल तर हे सोडून द्या.

टीव्हीच्या रिमोटवर पीसी सहसा चालत नाही, टचपॅडवाला छोटा वायरलेस कीबोर्ड घ्या, घरचे पण वापरतात.

सॉफ्टवेअरला कोडी, टीव्हीवर सिनेमे-गाणी लावायचं अ‍ॅप, फुकट आहे.

अन् आमच्या लातूरसारखं तुमच्याकडं पण लाईट जायलीच असंल तर ६०० व्हीएचा यूपीएस लावाच. उन्हाळ्यात डबा शोकेसच्या बंद कप्प्यात कोंबू नका, ४२ डिग्रीत पंखा नुसता बोंबलतो.